दवाखान्यात पाच जण

समस्त जनतेस गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात आजवर कोणीही डॉक्टरच्या खोलीत एकट्याने शिरलेले नाही. त्या दिवशीही तामसीहून बसने आदिलाबादला गेलो आणि पाचही जण आत घुसलो: गरोदर धाकटी बहीण, तिचा नवरा, आई, मी आणि लहानपणापासून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने हाडं दुखणारा मधला भाऊ.

बहीण आणि मेहुणा, दोघेही त्या आजाराचे वाहक निघाले होते. डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, हैदराबादला बाळाभोवतीचं पाणी तपासता येईल. बाळाला आजार निघाला, तर गर्भ ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

"मॅडम, नमुना पाह्यजे त मी हाये ना," भाऊ म्हणाला. आम्ही खो खो हसलो. बहीण हसली नाही.

"मले नाही करायची तपासणी. दादा जगूनच राह्यला ना?"

भावाच्या दुखण्याच्या सगळ्या रात्री आईने जागून काढल्या होत्या. तो शेजारीच तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलाय, हे ती विसरलीच.

"करून घे माय," आई बहिणीला म्हणाली, "माह्या वक्ताले असती, त मी केली असती."