आडवी मोळी

अकोल्यात नदीवर सायकलवाल्यांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी तारांनी तोललेला पूल बांधत होते, तेव्हा दर महिन्याला त्याचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. आधी खड्डे, मग मनोरा, मग त्याच्यापासून दोन्हीकडे उतरलेल्या जाडजूड तारा. देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण तो पूल आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या गल्लीत एक खाला फुटाण्यांची भट्टी चालवायची. जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. त्या वर्षांत कापूस हाती लागो न लागो, पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. तिचे मालक, आमचे खालू, नदीपलीकडच्या शेतांतून त्या सायकलवर आणायचे. पावसाळ्यात नदीतला रपटा, म्हणजे ओलांडायची बुटकी फरशी, पाण्याखाली गेला की भट्टी बंद, आणि मग घरातली चूलही. खाला मला गाठून विचारायची, "काहून बेटा, पूल होऊन राहिला का नाई? का नुसते फोटोच काढून राहिला तू?"

शेवटी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या साहेबांना फोटोत सायकलवाला हवा होता. आम्ही पलीकडच्या तोंडाशी उभे होतो, तेवढ्यात खालूच आले. मोळी आमच्याकडच्या रीतीनं कॅरिअरवर आडवी बांधलेली. पण मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तिथे लोखंडी पाइप रोवले होते. मोळी अडकली. खालूंनी सायकल मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा रेटली. जमेना.

"ते गबाळं उतरवा, नुसती सायकल आणा," साहेब म्हणाले.

"रिकामी सायकल घेऊन मी जाऊ कुठी, साहेब?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, अकोल्यात रिकामी सायकल फक्त दुकानात दिसते," मी म्हणालो. "नकाशा काढणारा एकदा तरी रपट्यावर येऊन उभा राहिला होता का?" अडकलेल्या मोळीचा फोटो काढला. तो नको म्हणाले. मग दुसरा फोटोवाला बघा म्हटलं आणि निघालो.

पाइप तसेच राहिले. खालूंनी मोळी सोडून थोड्या थोड्या पऱ्हाट्या हातानं पलीकडे नेऊन पाहिल्या. नव्या पुलावर काड्या सांडतात म्हणून चौकीदारानं हाकललं. पावसाळा लागला. रपटा बुडाला त्याच आठवड्यात खालानं फुटाण्यांची कढई भंगारवाल्याला देऊन टाकली.