बँकॉकमधले तेरा तास

मागणं मागायची सवय आमच्या घरात नव्हती. वडिलांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून ते आम्हा बहिणींना एकच सांगत, बुद्ध वाट दाखवतो, चालायचं आपण. मी तेच धरून जगले. बत्तीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. तिथे बाया देवांना नवस बोलत आणि मी त्यांचा रक्तदाब मोजत असे. म्हणून पुढे जे घडलं ते लिहिताना मला अजूनही थोडा संकोच वाटतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी मेलबर्नला निघाले होते. तारीख दीड महिना पुढे होती, म्हणून स्वस्तातलं तिकीट काढलं. सकाळी सहाला बँकॉकला उतरायचं आणि संध्याकाळी सातला पुढचं विमान. उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर फोन जोडला, तर जावयाचा निरोप येऊन पडला होता. लेकीचा रक्तदाब एकाएकी चढला होता, तिला दवाखान्यात भरती केलं होतं, बहुतेक आजच शस्त्रक्रिया करावी लागणार होती. 'आत फोन बंद ठेवावा लागतो. मीच करीन.' एवढंच.

या दुखण्यात काय काय होऊ शकतं हे मला पाठ होतं. दुसऱ्या कोणाची लेक असती तर मी तिच्या आईला बाकावर बसवून धीर दिला असता. स्वतःला मात्र एका जागी बसवता येईना. सरकत्या पट्ट्यावरून या टोकाला जायचं, त्या टोकाहून परत यायचं. अत्तराच्या दुकानातल्या मुलीला मी चारदा दिसले असेन. दर दोन मिनिटांनी फोन बघायचा. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. शेवटी कामठीला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, काहून अशी फिरून राहिली वं?" ती म्हणाली. "जावईबापू करतीन न फोन. तू बाहेर जाय, शहर पाय. तिथं बसून डोकं फिरन तुयं."

"अगं, बाहेर गेली तर फोन नाही लागणार मले."

"आन तिथं बसून लागून राहिला का?"

तिचं खरं होतं. हल्ली आपल्याला तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. शिक्का घेऊन बाहेर पडले, शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसले. खिडकीतून एका विहाराचं सोनेरी शिखर दिसलं आणि मी पुढच्याच स्टेशनावर उतरले. उतरताच पस्तावले. फोनवर नेटवर्कची एक रेघ नाही. परत फिरावं की पुढे जावं, याच विचारात उन्हातून चालत विहारापर्यंत पोचले.

आत गारवा होता. मोठ्या मूर्तीसमोर एक म्हातारी जमिनीवर बसून कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत होती. मी हात जोडले, पण मन जुळेना. डोळे मिटले की शस्त्रक्रियेचं टेबल दिसायचं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी मागितलं. 'माझी लेक मला दे,' असं मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण म्हातारीने मान वर केली. मला लाज वाटली. लाज झाकायला म्हणून मी त्रिशरण म्हणू लागले. दुसऱ्या ओळीवर शब्द थांबले.

पुढचे शब्द म्हातारीने म्हटले. तीच पाली, सूर निराळा, शेवट लांबवलेले. मी तिच्या मागोमाग म्हणू लागले. पंचशील झालं, वंदना झाली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती, पण माझ्या वस्तीतल्या विहारात जे लहानपणापासून म्हणत आले तेच ती म्हणत होती. 'सरणं गच्छामि', शरण जाते, हे शब्द हजारदा तोंडातून गेले असतील. त्या दिवशी प्रथमच कळलं की आपण म्हणत होतो, गेलो कधीच नव्हतो. पाय जमिनीला टेकले होते, हात रिकामे होते, आणि करण्यासारखं खरोखर काही उरलं नव्हतं.

म्हातारीने माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. चालत नाही म्हणून मी मान हलवली, पोटावर हात फिरवून बाळाची खूण केली, डोळे पुसले. तिने पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला, चष्मा नाकावर चढवला, काहीतरी दाबलं आणि माझा फोन घेऊन तो स्वतःच्या इंटरनेटला जोडून दिला. मी आपली बघतच राहिले. फोन हातात आला आणि लगेच वाजला.

"आई, कुठे आहात तुम्ही? दहा मिनिटं झाली लावून राहिलो," जावई हसत होता की रडत होता, कळेना. "मुलगी झाली. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली, पण रडली जोरात. हीसुद्धा बरी आहे. तुम्हालेच विचारून राहिली."

मी म्हातारीच्या पाया पडायला वाकले. ती दचकली, मला वर उठवलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिली. मग तिने माझ्यापुढे कमळांची टोपली सरकवली. तीन वाजेपर्यंत आम्ही दोघी पाकळ्या दुमडत बसलो. निघताना ती स्टेशनापर्यंत आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

लेकीला आणि नातीला डॉक्टरांनी वाचवलं, हे मी परिचारिका म्हणून जाणते. फोन तेव्हाच का लागला, यावर मी वाद घालणार नाही. मागितलं ते चुकलं का, हेही वडील असते तर त्यांना विचारलं असतं. मला इतकंच ठाऊक आहे की माझ्या हातात काही नव्हतं त्या वेळी मला खाली बसता आलं, आणि शेजारी कोणीतरी बसलेलं होतं. त्यासाठी मी रोज हात जोडते.