सकाळचे दोर, संध्याकाळच्या गाद्या

दीपमालाताईंच्या हातात पेन आलं की भलेभले साहेब सावध होत. अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात त्या आवक-जावकच्या टेबलावर बसत. कुणी म्हणालं, "ताई, एवढं तोंडी सांगून ठेवतो," की ताईंचं उत्तर ठरलेलं: "लेखी द्या."

हा खाष्टपणा त्यांनी आईच्या पोटातून आणलेला नव्हता. एकोणीस वर्षांच्या असताना त्या बॉक्सिंगच्या विभागीय निवडीसाठी अमरावतीला गेल्या होत्या. दारावरच्या एका माणसानं सांगितलं, "तुझा वजनगट रद्द झाला पोरी, घरी जा." पोरगी मुकाट्यानं एस.टी.त बसली. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर त्याच वजनगटाचा निकाल छापून आलेला. बावीस वर्षं झाली, ती चीड काही उतरली नाही. खरं सांगायचं तर ताईंचा राग त्या माणसावर थोडा होता आणि निमूट परत आलेल्या पोरीवर जास्त.

पुढे नोकरी लागली, तशी एका बंद डाळमिलच्या गोदामात त्यांनी पोरींसाठी बॉक्सिंगचा वर्ग काढला. चार खांबांना दोर बांधले. ठोसे मारायची पिशवी शिवून दिली गादीवाल्या साजिदभाईंनी, आत चिंध्या आणि जुना कापूस ठासून. साजिदभाईंना स्वतःला कुस्तीचा नाद. काही वर्षांनी त्यांच्या डोक्यात एमएमए शिरलं. म्हणजे ठोसे, लाथा, पकडी, सगळं एकाच लढतीत. मग सकाळी ताईंचे दोर बांधले जाऊ लागले, आणि संध्याकाळी दोर सोडून साजिदभाईंच्या जाड गाद्या पडू लागल्या. गावानं नावं ठेवली. ताईंनी ती आवक नोंदवहीतसुद्धा घेतली नाहीत.

बार्शीटाकळीची पायल दोन्ही वेळेला यायची. सतरा वर्षांची, काटक, हट्टी. एकच काहीतरी धर, असं तिला कितीदा सांगून झालं, तिचं आपलं एकच, "मले दोन्ही पायजे."

यंदाच्या विभागीय निवडीत नेमकं तेच अंगाशी आलं. अमरावतीला उपांत्य लढतीत समोरची पोरगी अंगावर रेलली आणि पायलनं तिच्या कमरेला मिठी मारून, पाय अडकवून तिला सपशेल आडवं केलं. संध्याकाळचा डाव सकाळच्या खेळात! प्रेक्षक खो-खो हसले, पंचांनी ताकीद देऊन गुण कापले. पायल ती लढत कशीबशी जिंकली, पण निवड समितीचे खुशालराव कागद घेऊन ताईंसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात. वर्गात दुसरा खेळ बंद करतो असं लिहून द्या, तरच पोरगी फायनलले चढन."

साजिदभाई शेजारीच होते. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, मी गाद्या उचलतो. माझ्यामुळं पोरीचं नुकसान नको."

"गप बसा, भाई," ताई कडाडल्या. "दहा वर्षं पोट्ट्या तुमच्या कापसाले ठोसे मारून राहिल्या. तुमच्या गाद्या गेल्या तर माहे दोरबी उतरतीन." मग खुशालरावांकडे वळून म्हणाल्या, "आन् साहेब, तलवारी कोणी आणल्या? आमी तं नुसते हात घेऊन आलो. कोणत्या नियमानं अडवता?"

"सगळ्याइले माईत हाय."

"मंग लिहाले काय जाते?"

ताईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिथंच मांडीवर ठेवून समितीच्या वतीनं आदेश लिहिला: पायलला नियम क्रमांक ____ नुसार अंतिम लढतीस मनाई करण्यात येत आहे. क्रमांकाची जागा मोकळी ठेवली. खाली सहीसाठी फुली मारली आणि पेन पुढे केलं. एव्हाना भोवती इतर प्रशिक्षक जमले होते. खुशालरावांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग जमलेल्या प्रशिक्षकांकडे. पेन काही त्यांनी घेतलं नाही. "चढवा तिले," एवढंच बोलून ते खुर्चीवर जाऊन बसले.

आता पायलच दोरापाशी अडली. "ताई, पुन्हा मिठी पडली तं?"

पडली तर दोन्ही खेळ चालू ठेवायचा हट्ट सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार होता, हे ताईंना पुरतं ठाऊक होतं. भीती त्यांनाही वाटत होती. त्यांनी पायलचे ग्लोव्ह्ज घट्ट केले.

"घरी आजीशी बोलतं तशी परीक्षेच्या पेपरात लिहितं काय?"

"नाई."

"साजिदभाईच्या दुकानात कशी बोलतं?"

"हिंदीत."

"जिभेले समजते, मंग हाताले कावून नाई समजणार? जाय."

तिसऱ्या फेरीपर्यंत लढत बरोबरीत होती. मग समोरची अमरावतीची दणकट पोरगी नेमकी तशीच अंगावर रेलली. पायलचे हात तिच्या कमरेपर्यंत गेले. साजिदभाईंनी डोळे मिटले. ताईंनी मिटले नाहीत. पायलनं दोन्ही हात फटकन बाजूला फाकवले, सगळ्या मैदानाला दिसतील असे मोकळे, आणि एक पाऊल मागे सरकली. पंचांनी दोघींना वेगळं केलं. पुढच्याच क्षणी तिचा डावा ठोसा सरळ जाऊन बसला, मागोमाग उजवा. पंचांनी शेवटी हात वर केला तो तिचा.

खुशालराव हसत हसत आले. "पोरगी राज्य स्पर्धेत गेली, मॅडम. आता तरी ते संध्याकाळचं बंद करा. मोठा भाऊ म्हणून तोंडी सांगून राहिलो."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"इथंच एका दारात मले तोंडीच सांगतलं होतं, साहेब. आन् मी घरी गेली होती." त्यांनी तो क्रमांकाविना राहिलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "पायल, चाल लवकर. सहाले गाद्या टाकायच्या हायेत."