धुतलेल्या लेंड्या

शेळीच्या लेंड्या तपासून माझं पोट भरतं, हे मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाला सांगत नाही. ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच म्हणते. त्यावर लोक आपली शुगर किती वाढली ते सांगत बसतात. ठाण्यात जनावरांच्या तपासण्या करणारी एक लहानशी लॅब आहे, तिथे मी टेक्निशियन. लेंडी खलात कुटायची, मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, गाळायची. पोटात जंत असले तर त्यांची अंडी वर तरंगतात आणि काचेवर दिसतात. काम सोपं आहे. माझा स्वभाव तेवढा सोपा नाही.

बाळकुमची एक म्हातारी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक होतं. नुकत्याच पुसलेल्या टेबलावर हिरवट पाणी पसरलं आणि माझं टाळकं सरकलं.

“अहो मावशी, ही काय पद्धत झाली? जरा स्वच्छ आणता येत नाही?”

“शेली आजारी हाय, बाय. दोन मेल्या, ही एकच रायली. हनवटीखाली पानी भरलंय.”

“असेल. पण हे असलं मी तपासणार नाही. दुसरं घेऊन या.”

तिने पदराने माझं टेबल पुसलं आणि गेली. मी तिला थांबवलं नाही.

तीन दिवसांनी ती घासून लख्ख केलेला स्टीलचा डबा घेऊन आली. आत काळ्याभोर, कोरड्या लेंड्या, डब्यात मिरी भरून ठेवावी तशा. “वा मावशी, असं आणायचं!” मी म्हटलं. ती चक्क लाजली. मी एक काच पाहिली, दुसरी पाहिली, काही नव्हतं. ‘जंतांची अंडी आढळली नाहीत’ असं लिहून सही ठोकली. लेंड्या इतक्या वाळक्या कशा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी खूश होते ना! आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर विश्वास ठेवून जंताचं औषध न देता ताकदीचं टॉनिक दिलं.

आठवड्याने तिचा फोन आला. “पोर उटत नाय, बाय.” पोर म्हणजे शेळी. डॉक्टर शहापूरकडे गेले होते. फोनवर म्हणाले, तू जाऊन डोळे बघ, ताजं सॅम्पल घे, मी संध्याकाळी पोचतो.

चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये तिचं कौलारू घर. शेळी गोणपाटावर आडवी होती. मी तिची खालची पापणी ओढली. आत गुलाबी दिसायला हवं, तिथे पांढरंफटक होतं. रक्त पिणारे जंत असले की असं होतं, हे मला पाठ आहे. पण तोवर मी त्या जंतांची फक्त अंडी काचेवर पाहिली होती. शेळीने माझ्याकडे पाहिलं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला.

भिंतीला एक चाळण टेकवलेली होती. म्हातारी म्हणाली, “ह्याच चालनीन धवल्या तुमच्यासाठी. उकलतं पानी वतलं, मंग दोन दिस सुकवल्या. ह्या बिल्डिंगीनी ऊन येत नाय, चालन घेऊन उनामागं फिरले.” मासळी सुकवणारी बाई ती. वाळवलेली वस्तू टिकते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि उकळत्या पाण्यात, उन्हात अंड्यांचं काय होतं, ते मला ठाऊक होतं.

मी शेळीची ताजी लेंडी काढून घेतली आणि रिक्षाने लॅब गाठली. काचेवर नजर जाईल तिथे अंडी होती. संध्याकाळी डॉक्टरांबरोबर मी पुन्हा तिच्या घरी गेले. त्यांनी औषध पाजलं, पण बाहेर येऊन माझ्याकडे पाहत मान हलवली. जंत मरतील, अंगात रक्त कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी गेली.

चार दिवसांनी म्हातारी लॅबमध्ये आली. टॉनिकची अर्धी बाटली तिने टेबलावर ठेवली. “कुनाच्या शेलीला लागली तर द्या.”

“मावशी, माझं चुकलं,” मी म्हटलं. “मीच तुम्हाला स्वच्छ आणा म्हटलं होतं.”

“तुमी काय करनार? मीच येडी, शेन कुनी धवतं का? आता दुसऱ्यांना सांगा, धवू नका म्हनून.”

बाटलीच्या बुडाचा चिकट गोल टेबलावर उमटला होता. तिने बाटली उचलली आणि पदराने तो पुसायला लागली. या वेळी मी तिचा हात धरला, पण तोवर टेबल स्वच्छ झालं होतं.