सुलतानचा खोकला आणि माझा सत्कार

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. म्हणजे हसालच, मला माहितेय. पण निदान चहा तोंडात असताना हसू नका, समोर मी बसलोय!

तर झालं असं, की आमच्या डाळज गावापलीकडच्या वस्तीवर कुत्र्यांच्या खोकल्याची साथ आली. कुत्र्यांचा फ्लू म्हणे. शेजारच्या तात्यांचा सगळा जीव त्यांच्या राणीवर. भाजीच्या मळ्यात डुकरं हुसकावणारी कुत्री ती!

"तिला काय झालं तर मी जेवायचो न्हाय," तात्या म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या.

मी लगेच छाती पुढे काढली. "तात्या, तुमी निवांत ऱ्हावा. समद्या कुत्र्यांना लस आनतो. माजी जबाबदारी!"

बारामतीच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. येते म्हणाल्या. पुढे बराच वेळ काहीतरी समजावत होत्या आणि मी आपला "व्हय मॅडम, व्हय मॅडम" करत होतो. खरं सांगू? फ्लेक्सवर कुठला फोटो टाकायचा, या विचारात मी पार बुडालो होतो!

आता मला सांगा, आपल्याकडे नुसती बोअर घ्यायची म्हटलं तरी नारळ, पाहुणे आणि भाषण लागतं. मग लस काय अशीच टोचायची? देवळापुढे मंडप घातला. स्पीकर आणला. फ्लेक्सवर मी आणि माझा कुत्रा सुलतान, दोघंही गॉगल लावून! खाली ठसठशीत अक्षरात 'श्वानरक्षक'.

गावातली झाडून सगळी कुत्री आली. मंडपाच्या बांबूंना एकाला लागून एक बांधली. प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? तोवर कुत्री एकमेकांची नाकं हुंगत, एकाच पातेल्यातलं पाणी पीत बसली. सुलतान हार घालून सगळ्यात पुढे. पहिली लस त्यालाच ना!

तेवढ्यात तो खोकला. खॉक! खॉक!

"आरं, ह्यो खोकतुया की!" तात्यांनी राणीला मागं ओढलं.

"माइकला बुजलाय तात्या. स्टेजची सवय न्हाय त्याला."

"आन् नाक बी गळतंय!"

"हाराची फुलं गेली असत्याल नाकात."

पाहुणे आले. शाल, फेटा, नारळ, माझा जंगी सत्कार झाला. मी माइक धरला. "आजपास्नं ह्या गावात खोकला शिरनार न्हाय!" टाळ्या पडल्या. आणि खालून सुलतान, खॉक!

इतक्यात मॅडम गाडीतून उतरल्या आणि मंडप बघून जागीच थांबल्या.

"फोनवर मी काय सांगितलं होतं? घरोघरी जाऊन लस देऊ, कुत्री एकत्र आणू नका! जवळ आल्यानंच पसरतो हा आजार. आणि हा खोकणारा कुणाचा?"

सगळ्यांनी फ्लेक्सकडे बोट केलं!

"आजारी कुत्र्याला लस देत नाहीत. याला वेगळा ठेवा. बाकीच्यांनी आपापली कुत्री घरी न्या, खोकतात का बघा. लस त्यानंतर."

तात्यांनी राणीला काखोटीला मारलं. "लेका, तुज्यापास्नं कोन राखनार हिला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. राणीला काही झालं असतं तर मी तात्यांना तोंड कसं दाखवणार होतो? घरी बायकोनं सुलतानला कांद्याच्या चाळीत एकटं बांधलं आणि मला म्हणाली, "तुमी बी बसा तितंच. फेटा ऱ्हाऊ द्या डोक्याव."

देवाची कृपा, राणी खोकली नाही. तात्या रोज फाटकाबाहेरूनच मला तसं ओरडून सांगायचे, आत पाय टाकायचे नाहीत. पुढे ज्यानं त्यानं आपलं कुत्रं गुपचूप बारामतीला नेऊन लस दिली, दुसरा डोसही दिला. सुलतान खडखडीत बरा झाल्यावर मीही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडमनी दार अर्धं उघडलं. सुलतानकडे बघून गोड हसल्या, माझ्याकडे बघून हसू आवरलं.

"सुलतानला आत पाठवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेरच थांबा, नाहीतर इथंही मंडप घालाल!"