कळमन्याचे नव्वद ठिपके

"हमालांच्या भाकरीवर पडाले चटणी काढली काय आपण?" धर्मेंद्रनं मोबाईल गादीवर आपटला. "धरमपेठेच्या प्रदर्शनात टेबल मिळून राहिलं, अन् या मायलेकींले कळमना पायजे!"

"मले काही पायजे नाही, बाबा. नकाशा सांगून राहिला," मिनल म्हणाली.

लकडगंजच्या दोन खोल्यांत शामला दोन वर्षांपासून जवसाची चटणी करून बाटल्या दुकानांत देत होती. सहा महिन्यांपूर्वी लेकीनं बाटलीवर क्यूआर कोड लावला. मोबाईल धरला की पडद्यावर शामला सांगायची, चटणी दह्यात कालवा, वरून कच्चं तेल घ्या. समोरच्यानं परवानगी दिली तर कोड कुठून उघडला, त्याचा ठिपका मिनलच्या मोबाईलमधल्या नकाशावर उमटे.

"लोकाचं घर दिसते काय वं त्यात?" शामलानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही वं आई. फक्त इलाखा. नाव नाही, नंबर नाही."

आता धरमपेठेत ठिपके होते चार. कळमन्याच्या धान्य बाजारात नव्वद, सगळे दुपारी बारा ते एकमधले.

"ठिपके काय चटणी खातेत?" धर्मेंद्र म्हणाला. "दोन्हीकडं बसता येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगा."

दुसऱ्या दिवशी शामला ई-रिक्षानं कळमन्याला गेली. गेटजवळच्या किराणा दुकानापुढं पोत्यांच्या सावलीत चार हमाल भाकरीची फडकी सोडून बसले होते. मधे तिची बाटली. रामाजी नावाचा म्हातारा बाटलीपुढं मोबाईल नाचवत होता.

"पाहा ना बाई, नवी बाटली घेतली का कोणीतरी पैसे द्याले याच्यावरच मोबाईल धरते. पैसे कटतच नाही, ही बाई दही कालव म्हणते!" त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "अरे, तुमीच काय बाई त्या?"

चौघं खो-खो हसले. शामलाचं तोंड उतरलं. म्हणजे नव्वद ठिपके नव्वद चुकांचे! तिनं बाटलीत डोकावलं. तळाशी भाकरीचा तुकडा फिरवून काच लख्ख पुसलेली.

"आज घेतली ना ही?"

"मंग! चौघांत एक. एकट्याले बाटली झेपत नाही, खिशात मावत नाही. लहान पुडी काहून नाही काढत तुमी?"

म्हणजे प्रत्येक चुकीमागं एक बाटली खपली होती. अन् प्रत्येक बाटलीमागं चार तोंडं. परत येताना रिक्षात ती एकटीच हसली.

रात्री ताटं वाढताना धर्मेंद्रनं विचारलं, "मंग, टेबलाचं काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा." शामलानं त्याच्या ताटात वरण वाढलं. "सोमवारपासून मी कळमन्याच्या गेटवर बसणार. दहा-दहा रुपयांच्या पुड्या घेऊन. सकाळी दहाले घर सोडीन. दुपारच्या पोळ्या तुमी दोघं पाहून घेजा."