शिळं पाणी

माझ्या आत्याला पाण्याकडे साधं बघताच येत नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासण्यात तिची एकतीस वर्षं गेली. त्यामुळे घरात पाण्याचा पेला दिला तरी ती तो आधी उजेडात धरते आणि मग तोंडाला लावते. निवृत्तीनंतर ती वाचनालयात जाऊ लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, बाई पुस्तकांत रमेल. पण जित्याची खोड! पहिल्याच आठवड्यात तिची नजर तिथल्या अंगणातल्या हौदावर पडली.

पाणी हिरवट, तळाशी कुजलेल्या पानांचा थर आणि त्यात चार गोल्डफिश. तीन महिन्यांपूर्वी अकरा होते म्हणे. उरलेले चारही वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. ग्रंथपालबाईंनी सांगूनच टाकलं होतं, "महिनाभर बघते. आणखी एक जरी मेला तरी हौद बुजवून टाकायचा."

याचा धसका घेतला होता रखवालदारकाकांनी. एकटा जीव. डबा हौदाच्या काठावर बसून खायचे आणि माशांना 'पोरं' म्हणायचे.

आत्याने मला सोबत घेतलं आणि सकाळी दहाला हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीला, पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळी पाणी चार बोटं खाली.

"उन्हाने आटलं असेल," मी म्हटलं.

"मग बादलीतलंही आटेल."

तिने पाण्याने भरलेली बादली दुसऱ्या दिवशी हौदाशेजारी उन्हात ठेवली. ती संध्याकाळपर्यंत जवळपास जशीच्या तशी. हौद पुन्हा चार बोटं खाली. आणि गंमत म्हणजे, सकाळी पाणी परत रेघेवर! आत्याचे डोळे चमकले. तिला इतकं खुशीत मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती भर वाचनकक्षात, आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली.

दारातल्या काकांचा चेहरा लाल झाला. "बाई, संशय माझ्यावर आहे का? इतकी वर्षं इथे आहे, कुणी बोट दाखवलं नाही. अहो, रोज सकाळी सातला नळ सोडून मी हौद भरतो. पाणी उतरायला लागल्यापासून, या तीन महिन्यांत एक दिवस चुकलो नाही. पोरांना ताजं पाणी मिळावं म्हणून!"

"अहो भाऊ, पाणी खरंच मुरतंय हो," आत्या म्हणाली आणि एकदम वळून नळाकडे बघू लागली.

माशांच्या दुकानातून आणलेल्या बाटलीतले थेंब तिने नळाच्या पाण्यात टाकले. पाणी पिवळं झालं. "क्लोरीन," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आपल्याला बाधत नाही. त्यांचे कल्ले भाजतात."

काकांना मात्र तिने एवढंच सांगितलं की तळाच्या बुचाचं रबर कुजलंय, ते बदला. पानं थोडी थोडी काढा. शेवाळ घासू नका, साबण तर लांबच ठेवा. आणि नळाचं पाणी उघड्या टबांत एक दिवस ठेवून मगच हौदात घाला.

"शिळं पाणी? बाई, दारात आलेल्यालाही आपण ताजं देतो!"

"पाहुण्यांना द्या ताजं. ही घरची आहेत."

काका कुरकुरले, पण टब भरून ठेवू लागले.

महिना संपला. पाणी निवळलं होतं, चारही मासे खाली मजेत हिंडत होते. ग्रंथपालबाई डोकावल्या, "असू दे मग" म्हणून निघून गेल्या. मी काकांकडे हसून बघितलं. ते हसले नाहीत.

"बाई, एक विचारू? शिळ्या पाण्याने हे चार जगले. मग आधीचे सात… माझ्या ताज्या पाण्याने गेले का?"

आत्याला मी ओळखते. माझ्या बाबांची साखर वाढली तेव्हा सख्ख्या भावालाही तिने आकडा कमी करून सांगितला नव्हता.

तिने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तेव्हाच्या पाण्याचा नमुना आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग मी रिपोर्ट देत नाही."

काकांनी एकदा हौदातल्या पोरांकडे बघितलं. मग उद्याचं पाणी भरून ठेवायला उठले.